एम-राउट स्टॅटिक धरायचा का?

चिपळूणला मी नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करून घेतो आणि महिन्यातून एकदा खऱ्या परीक्षेसारखी आठ तासांची सराव-लॅब लावतो. पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून सगळी यंत्रे इन्व्हर्टरवर असतात. अशाच एका लॅबच्या दिवशी ती दोनदा गेली, पण गोष्ट तिची नाही.

पेपरच्या पहिल्या पानावर मी लिहिले होते, ‘कुठेही स्टॅटिक रूट वापरू नये.’ स्टॅटिक रूट म्हणजे राउटरला हाताने लिहून दिलेली वाट. मल्टिकास्टच्या, म्हणजे एकच प्रवाह एकदम अनेकांना पोचवण्याच्या, प्रश्नात पहिल्या राउटरमागचा प्रवाह चौथ्या राउटरपर्यंत न्यायचा होता. मधल्या राउटरवर पिम (मल्टिकास्टची वाट जुळवणारा प्रोटोकॉल) चालू करण्यास मनाई होती, म्हणून दोन टोकांमध्ये जीआरई टनेल (पॅकेट गुंडाळून मधल्या राउटरपलीकडे नेणारी आभासी जोडणी) आणि पिम फक्त त्या टनेलवर. मल्टिकास्टमध्ये पॅकेट कुठे जायचे याआधी ते कुठून आले हे राउटर तपासतो, आणि स्रोताकडे परत जाणाऱ्या वाटेवरून न आलेले पॅकेट टाकून देतो. ओएसपीएफच्या, म्हणजे वाटा आपोआप शोधणाऱ्या प्रोटोकॉलच्या, लेखी ती वाट मधल्या राउटरवरूनच जात असल्याने टनेलमधून आलेले प्रत्येक पॅकेट या आरपीएफ तपासणीत बाद होत होते. ओएसपीएफ ज्यावरून वाट निवडतो ती कॉस्ट बदलण्यासही मी बंदी घातली होती. टनेलवरून ई-बीजीपी (वाटा जाहीर करणारा दुसरा प्रोटोकॉल) जोडून केवळ मल्टिकास्ट ॲड्रेस फॅमिलीत, म्हणजे मल्टिकास्टपुरत्या वेगळ्या यादीत, स्रोताचे नेटवर्क जाहीर करावे, म्हणजे त्याचे २० हे अंतर (जितके कमी तितका विश्वास जास्त) ओएसपीएफच्या ११० वर मात करील, हे मला अपेक्षित उत्तर. हा सापळा रचल्याचा मला अभिमान होता, तो लपवत नाही.

पाचव्या तासाला गुहागरहून येणारी एक विद्यार्थिनी उठून आली. “सर, एम-राउट स्टॅटिक रूटमध्ये धरायचा का?” एम-राउट म्हणजे स्रोताची दिशा आरपीएफ तपासणीला हाताने लिहून देणारी ओळ.

“पेपर वाच,” मी म्हणालो. परीक्षकाने असेच तुटक बोलायचे असते, असा आमच्यात एक समज आहे.

तिने पेपर वाचला, ‘आयपी एम-राउट’ची एक ओळ लिहिली आणि प्रवाह सुरू झाला. मी शून्य दिले.

संध्याकाळी तिने न भांडता ‘शो आयपी राउट’ ही वाटांचा तक्ता दाखवणारी आज्ञा चालवून दाखवली. त्या यादीत ‘एस’ (स्टॅटिक) अक्षराची एकही ओळ नव्हती, कारण एम-राउट त्या तक्त्यात जातच नाही. कोणती दिशा खरी मानायची एवढेच तो तपासणीला सांगतो. मी त्या तपासणीची माहिती दाखवणारे ‘शो आयपी आरपीएफ’ चालवले. तिथे प्रकाराच्या ओळीत ‘स्टॅटिक’ हा शब्द स्वच्छ दिसत होता. मनाई वाटेच्या तक्त्यावर होती की शब्दावर, हे पेपर लिहिताना मीच ठरवले नव्हते.

मला अधिक खुपते ते वेगळेच. पूर्ण गुण मिळालेल्या दोघांना बीजीपीचा तो उतारा पाठ होता. पॅकेट बाद का होत होते, असे विचारल्यावर दोघेही छताकडे पाहू लागले. हिने ते न विचारता सांगितले होते.

पुढच्या पेपरात मी ‘एम-राउटही त्यातच धरावा’ असे जोडले आहे. तिच्या गुणपत्रकावरचे शून्य मात्र अजून पेन्सिलीतच आहे.