बारावे कार्ड सापडले: आकिरा मात्सुनागा

जुन्या फुटबॉलपटूंची मी एकेकाच्या नावाने कार्डे करतो. गेले तीन महिने बर्लिन १९३६ च्या ऑलिंपिक फुटबॉलमधील स्वीडन-सामन्याच्या तक्त्यात जपानची अकराऐवजी बारा कार्डे भरत होती. त्या स्पर्धेत बदली खेळाडू उतरवता येत नसत, म्हणजे कोणीतरी दोनदा नोंदला गेला होता हे उघड होते. तो कोण, हे परवा रात्री उलगडले: उजव्या बगलेवरचे युकी मात्सुनागा आणि तिसरा गोल करणारे आकिरा मात्सुनागा हे एकच गृहस्थ आहेत.

घोळ कांजीचा, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांचा होता. त्यांचे नाव ‘जाणे’ या अर्थाच्या, सहा रेघांच्या एकाच चिन्हाने लिहितात. व्यक्तिनामांत त्याचा युकी असा उच्चार होतो, तसाच आकिरा असाही होतो. फोनवरच्या भाषांतर-सोयीने ते चिन्ह क्रियापद समजून नावच गाळले, आणि रेघा मोजून शोधायच्या छापील नामकोशाने सगळे उच्चार दिले तरी या माणसाचा कोणता, हे कोश सांगू शकत नाही. ते फक्त नावाशेजारचा फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी बारीक अक्षरे, सांगतो. एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या स्कॅनमध्ये नेमका तोच काळा ठिपका झाला होता. नुसत्या आडनावावर विसंबावे, तर नोबुओ आणि सेकी हे त्यांचे भाऊही पुढे जपानकडून खेळले. अखेर दुसऱ्या, स्वच्छ प्रतीत ती तीन अक्षरे वाचता आली: आ-कि-रा. स्कॅन घेताना पानाचा नमुना मागवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

जोडलेले कार्ड असे: जन्म २० सप्टेंबर १९१४, शिझुओका. ४ ऑगस्ट १९३६ रोजी मध्यंतराला ०–२ अशी पिछाडी. मग कावामोतो, उकोन आणि ८५ व्या मिनिटाला मात्सुनागा यांचे गोल, म्हणजे ३–२. तीन दिवसांनी इटलीकडून ०–८. मृत्यू २० जानेवारी १९४३, ग्वाडलकॅनाल (दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिकची रणभूमी), वय २८. ‘युकीं’च्या कार्डावर हा शेवटचा रकाना कोरा होता, आणि त्या कोऱ्या जागेमुळे त्यांचे पुढचे आयुष्य कधीतरी सापडेल असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. तो रकाना भरताना हात जड झाला.

पुढचे कार्ड पॅसिफिकमधल्याच बूगनव्हिल बेटावर १९४४ मध्ये मृत्यू पावलेल्या उकोन यांचे ठरले होते. पण हे लिहिताना बर्लिनला जपानकडून खेळलेले कोरियन किम योंग-सिक आठवले. त्यांच्या नावाची तीच चिन्हे जपानी पद्धतीने किन योशोकु अशी वाचली जातात, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कोरियाकडून खेळले. माझ्या पेटीत तेही दोन ठिकाणी पडले असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी लंडनचा तक्ता बर्लिनशेजारी मांडून ती कार्डे ताडून पाहतो. उकोन यांची नोंद त्यानंतर.