थ्रॉटल बॉडी: मळ काळा की तांबडा?

सिग्नलला थांबल्यावर आरपीएमचा काटा खालीवर होतो, एसी लावताच पेट्रोल गाडी बंद पडते, तेव्हा बहुतेकदा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमीजास्त करणारा भाग) मळलेली असते. क्लीनरचा डबा मात्र लगेच उघडू नका. आधी मळाचा रंग बघा.

काळा, तेलकट थर इंजिनमधूनच येतो. क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागाची) तेलट वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, परत सोडलेली असते, ती पाकळीच्या कडेला चिकटून वाळते आणि आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तेव्हा) लागणारी बारीक फट बुजते. तांबडी पूड दिसली तर दोष एअर फिल्टरचा. गोव्यात डिचोली-साखळीकडे किंवा सांगे-कुडचड्याकडे खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवर ही धूळ फिल्टर लवकर भरते. फिल्टर वाकडा बसला किंवा त्याचं रबर कडक झालं की ती बाजूने आत शिरते. फिल्टरच्या डब्यात इंजिनकडच्या भागाला पांढरं फडकं पुसून बघा. ते तांबडं झालं, तर आधी नवा फिल्टर नीट बसवा. नाहीतर ही धूळ सिलिंडर घासत राहील आणि थ्रॉटल साफ करून काही उपयोग नाही.

काम थंड इंजिनवर, मोकळ्या हवेत करा. इग्निशन बंद. क्लॅम्प सैल करून एअर फिल्टरकडून थ्रॉटलला येणारा रबरी पाइप काढा. हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर काढावा लागला तर पुढे इग्निशन ऑन करण्याआधी परत लावा. 'थ्रॉटल बॉडी क्लीनर' असं लिहिलेलाच स्प्रे घ्या. काही पाकळ्यांवर लेप असतो, कार्ब्युरेटर क्लीनरने तो निघू शकतो. स्प्रे फडक्यावर मारून पुसा. थेट मारला तर मळ पाकळीच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये उतरतो. सेन्सरवर तर अजिबात नको.

इलेक्ट्रॉनिक (मोटरने उघडणाऱ्या) थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, घरच्या कुणालातरी ॲक्सिलरेटरचं पेडल दाबून धरायला सांगा आणि लाकडी काडीला फडकं गुंडाळून कडा पुसा. मोटर पाकळी जोरात मिटते, म्हणून बोट आत नकोच. पेडल दाबूनही पाकळी उघडली नाही तर तिथेच थांबा, पुढचं काम गॅरेजचं.

पाइप घट्ट बसवून दहा मिनिटं थांबा. पहिल्यांदा स्टार्ट व्हायला वेळ लागेल, थोडा धूरही येईल. आयडलिंग काही काळ जास्त राहतं, कारण इंजिनच्या कॉम्प्युटरला मळलेल्या फटीची सवय झालेली असते. बऱ्याच गाड्या स्वतः जुळवून घेतात, काहींना स्कॅनरने रीसेट करावं लागतं. 'शूं' असा आवाज आला तर कुठूनतरी हवा गळत असेल, क्लॅम्प परत तपासा.