तानपुऱ्यात पडणारा खंड आणि बदललेला बेत

गेल्या नोंदीत नवा स्ट्रीमर (घरच्या जाळ्यावरून संगीत घेऊन वाजवणारे यंत्र) आणल्याचे आणि फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता संकोचलेल्या फायलींचा, सगळा साठा त्यावर वाजता केल्याचे लिहिले होते. तो वाजतो, आणि डॅकमधून (डिजिटल ध्वनी अॅनालॉग करणाऱ्या यंत्रातून) येणारा आवाजही उत्तम आहे. परंतु विलंबित ख्याल संपून द्रुत बंदिश सुरू होताना सुमारे अर्धा सेकंद पूर्ण शांतता होते. चित्रपटगीते किंवा भावगीते ऐकणाऱ्याच्या हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येणार नाही, कारण तिथे बहुतेक गाणी शांततेतच संपतात. ख्यालाच्या सीडीवर मात्र विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पुष्कळदा केवळ सोयीसाठी पाडलेले असतात आणि तानपुरा अखंड चालू असतो. मारव्यात तर हा खंड फारच बोचतो, कारण पंचम वर्ज्य असल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार निषादाला किंवा धैवताला मिळवलेली असते, कान त्या जोडीला सरावलेले असतात, आणि ती नेमकी द्रुतच्या तोंडावर तुटते.

पहिला संशय फायलींवर होता, आणि तो लवकर फिटला. सीडीवरील एका सेकंदाचे ७५ सेक्टर (तुकडे) असतात, प्रत्येक सेक्टरमध्ये दर वाहिनीला ध्वनीची ५८८ मोजमापे, म्हणजे नमुने असतात, आणि ट्रॅकची सीमा सेक्टरच्या सीमेवरच पडते. त्यामुळे नीट रिप केलेल्या (सीडीवरून संगणकात उतरवलेल्या) लागोपाठच्या दोन फ्लॅक फायलींत एकही नमुना कमी किंवा जास्त असण्याचे कारण नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने काढलेल्या या सीड्यांचे अॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपशी ताडून पाहणाऱ्या सूचीशी) जुळणारे अहवाल जपून ठेवलेले आहेत. तरीही दोन्ही फायली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात एकापुढे एक ठेवून जोड मोठा करून पाहिला, आणि लहर सलग निघाली. जुन्या एमपी३ संग्रहाची गोष्ट वेगळी आहे. त्या स्वरूपात ध्वनी ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बसवावा लागतो, त्यामुळे आरंभी आणि शेवटी थोडी कोरी जागा भरली जाते. लेम हा एमपी३ बनवणारा एन्कोडर ती किती आहे याची नोंद फायलीत ठेवतो, पण वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती वाचली तरच उपयोग. तिथला खंड मात्र काही शतांश सेकंदांचाच असतो, अर्ध्या सेकंदाचा नव्हे.

पुढचा संशय वाय-फायवर घेणे ओघानेच आले, परंतु इथे आकडेच उलट साक्ष देतात. सीडीच्या ध्वनीला सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट लागतात आणि फ्लॅकला बहुधा एक मेगाबिटहूनही कमी. आजच्या कोणत्याही राउटरला हे ओझे वाटू नये. शिवाय दोष जाळ्याचा असता, तर खंड कधी लहान, कधी मोठा पडला असता. इथरनेटची केबल टाकून पाहिली, तरी खंडाची लांबी तीच राहिली. (पुण्यात केबल, हीट सिंक, छोटे अडॅप्टर अशा वस्तू पासोड्या विठोबाच्या परिसरातून हाताळून, पारखून घ्याव्यात असे माझे ठाम मत आहे, छायाचित्र पाहून मागवलेल्या केबलचा कनेक्टर कसा निघेल याचा भरवसा नसतो.)

खरा धागा डॅक काढून ठेवल्यावर हाती आला. स्ट्रीमरचा स्वतःचा अॅनालॉग आउटपुट थेट अॅम्प्लिफायरला जोडला, तेव्हा खंड निम्म्याहून लहान झाला, पण नाहीसा झाला नाही. याचा अर्थ इथे दोन खंड एकत्र झाले होते. स्ट्रीमर पहिला ट्रॅक संपताच आउटपुट बंद करीत होता. त्यामुळे डॅककडे येणारा क्लॉक (नमुन्यांचा ठेका) तुटत होता, डॅक आवाज दाबून टाकत होता, आणि त्या ठेक्याशी पुन्हा जुळेपर्यंत (लॉक मिळेपर्यंत) आणखी वेळ जात होता. डॅकचे हे वागणे योग्यच आहे, कारण तसे केले नाही तर स्पीकरमधून फटाका ऐकू येईल. मुळात आउटपुट बंद का होत होते, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर यूपीएनपीमध्ये, म्हणजे घरच्या जाळ्यावरील यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याच्या मानकात, सापडले. या पद्धतीत फोनवरील नियंत्रक अॅप स्ट्रीमरला एका ट्रॅकचा पत्ता देते आणि वाजवण्याची आज्ञा करते. ट्रॅक संपल्याचे कळले की पुढचा पत्ता देते. पुढचा ट्रॅक आधीच सांगून ठेवण्याची ‘सेट-नेक्स्ट-एव्ही-ट्रान्सपोर्ट-यूआरआय’ नावाची आज्ञा मानकात आहे, परंतु ती ऐच्छिक आहे, आणि माझ्या स्ट्रीमरने ती अमलात आणलेली नाही. खोक्यावर ‘गॅपलेस’ (खंडाविना) असे ठळक छापलेले आहे; ते यंत्राला थेट जोडलेल्या यूएसबी डिस्कपुरते खरे आहे, आणि हे मी तशी डिस्क लावून तपासले. डॅकच्या चिपचे सिग्नल-टू-नॉइज आकडे पानभर छापणाऱ्या उत्पादकांनी ही एक ओळ माहितीपत्रकात छापली, तर ख्याल ऐकणाऱ्यांचे कितीतरी पैसे वाचतील.

तेव्हा कपाटातला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बाहेर काढला, त्यावर पायकोअरप्लेअर ही संगीत वाजवण्यासाठीची प्रणाली चढवली आणि त्यातच लिरियन म्युझिक सर्व्हर सुरू केला. जुन्या मंडळींना तो लॉजिटेक मीडिया सर्व्हर या नावाने ठाऊक असेल. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमरांची मालिका थांबवली तरी हा सर्व्हर वापरकर्त्यांनी जिवंत ठेवला, आणि २०२४ मध्ये त्याला नवे नाव मिळाले. इथे ट्रॅकची रांग सर्व्हरच्या हातात असते. पहिला ट्रॅक वाजत असतानाच पुढच्याचा डेटा स्क्वीझलाइटच्या (वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बफरमध्ये येऊन पडतो आणि आउटपुट बंद होतच नाही. डॅक पुन्हा जोडला, मारवा लावला, विलंबितची शेवटची सम गेली आणि तानपुरा तसाच पुढे चालू राहिला. त्या संध्याकाळी ट्रॅकच्या सीमेच्या अलीकडून पलीकडे असे मी किती वेळा ऐकले, हे घरातील माणसांना विचारू नये.

यमन लावल्यावर मात्र दुसरी कुरबूर ऐकू आली. खंड नाही, पण द्रुत सुरू होताच तानपुरा एकदम दबल्यासारखा वाटतो. याचे कारण रिप्लेगेन, म्हणजे ट्रॅकांची पातळी आपोआप जुळवण्याची सोय. ट्रॅक गेनमध्ये प्रत्येक ट्रॅकची सरासरी पातळी स्वतंत्रपणे एका ठरावीक मानाला आणली जाते. विलंबितमध्ये शांत आलापी बरीच असल्यामुळे त्याची सरासरी खाली असते, द्रुतची तानांमुळे वर चढते, आणि परिणामी द्रुतचा आवाज विलंबितपेक्षा अधिक कमी केला जातो. मूळ ध्वनिमुद्रणात जी पातळी सलग आहे, तिला अशी पायरी पडते. आरएसगेन या सॉफ्टवेअरने सगळ्या फोल्डरांची पुन्हा मोजणी करून घेतली आणि सर्व्हरमध्ये अल्बम गेन (पूर्ण अल्बमला एकच बदल) निवडला. ही माहिती केवळ टॅगमध्ये (फायलीतील नोंदींत) जात असल्याने ध्वनीला धक्का लागत नाही. माझ्या मते रागसंगीतासाठी ट्रॅक गेन हा पर्याय विसरूनच जावा.

या सगळ्यामुळे खरेदीचा बेत बदलला आहे. चार डिस्कांचा नॅस (जाळ्यावर जोडलेली साठवणपेटी) घेण्याचा विचार मी सोडून दिला. सीडीचा एक तास संकोचन न करता सुमारे ६३५ मेगाबाइट होतो आणि फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे एका टेराबाइटमध्ये अडीच हजारांहून अधिक तास मावतात, आणि माझा संग्रह त्याच्या जवळपासही नाही. शिवाय साडेतीन इंची डिस्कांची खरखर आलापाच्या वेळी त्याच खोलीत नको. त्यामुळे रास्पबेरी पायला यूएसबीने जोडलेला एक एसएसडी (फिरते भाग नसलेला, निःशब्द साठा) वाजवण्यासाठी, आणि आतल्या खोलीत दोन डिस्कांचा साधा नॅस राखीव प्रतीसाठी, असे ठरवले. नॅससाठी डिस्क घेताना ती सीएमआर (एकमेकांवर न चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणारी; एसएमआरमध्ये पट्ट्या एकमेकांवर चढतात आणि पुन्हा लिहिणे मंदावते) असल्याची खात्री करून घ्यावी; २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कांसाठी रेड प्लस हे नाव आणले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. दोन डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी ठेवणारी RAID-1 रचना म्हणजे बॅकअप नव्हे, हेही आहेच: चुकून पुसलेला राग दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसला जातो. पायकोअरप्लेअर मेमरीतून चालत असल्यामुळे वीज गेली तरी एसडी कार्ड सहसा बिघडत नाही. नॅसला मात्र यूपीएस हवाच.

हे लिहीत असतानाच एक पर्याय सुचला, आणि तो स्ट्रीमर विकण्याच्या विचाराला छेद देणारा आहे. विलंबित आणि द्रुत जोडून प्रत्येक रागाची एकच फ्लॅक फाइल केली आणि आत क्यू-शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात याची यादी) घातली, तर लिरियनला दोन ट्रॅक दिसतील, आणि ज्याला क्यू-शीट कळत नाही त्या स्ट्रीमरला एकच सलग फाइल मिळेल. वाजवणारे यंत्र कितीही अडाणी असले तरी मध्ये थांबायला जागाच उरणार नाही. अडचण एवढीच की, त्या स्ट्रीमरवर थेट द्रुत निवडता येणार नाही. तो शयनगृहात ठेवला, तर तिथे मी सहसा द्रुत लावत नाही, त्यामुळे ती सोसण्यासारखी आहे. टॅगमधील राग आणि ताल यांची क्षेत्रे जोडलेल्या फायलीत कशी राखायची हे अजून ठरायचे आहे. फ्लॅकमध्ये हवे ते क्षेत्र घालता येते, पण एकाच फायलीत एकताल आणि त्रिताल दोन्ही आल्यावर सूचीत काय दिसावे, याबद्दल माझे मत पक्के झालेले नाही. आधी मारवा, यमन आणि पूरिया यांच्यावर हा प्रयोग करीन, आणि तोवर स्ट्रीमर विकण्याची जाहिरात देणार नाही. ज्यांच्याकडे यूपीएनपीवर सलग वाजणारा स्ट्रीमर आहे, त्यांनी तो कोणत्या नियंत्रक अॅपसह तसा वाजतो तेही कळवावे, कारण पुढचा ट्रॅक आधी सांगण्याची ती आज्ञा स्ट्रीमर आणि अॅप अशा दोन्ही बाजूंना असावी लागते.