ॲपल कप आता सप्टेंबरमध्ये असतो

मी वाझूची, नवरा यू-डबचा. वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरे. बाकीच्यांसाठी सांगते. यू-डब म्हणजे सिएटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन: जांभळा-सोनेरी रंग, हस्की कुत्रा, तळ्याकाठचं भलंमोठं स्टेडियम. वाझू म्हणजे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. ती राज्याच्या पार पूर्वेला, आयडाहोच्या हद्दीला चिकटलेल्या पुलमन गावात. किरमिजी-करडा रंग, कूगर, आणि चहूकडे गव्हाच्या टेकड्या. दोघांच्या अमेरिकन फुटबॉल टीम 1900 सालापासून एकमेकांशी भिडताहेत. त्या सामन्याला ॲपल कप म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या, वीकेंडला व्हायचा.

मी मृदाशास्त्रात मास्टर्स करायला पुलमनला आले तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला ठाऊक होतं. तिथे हे अज्ञान फार टिकत नाही. सामन्याच्या दिवशी गावात करण्यासारखं दुसरं काही नसतंच. आमचे प्रोफेसर आठवडाभर मातीचे नमुने चाळताना तोंडातून शब्द काढत नसत. शनिवारी मात्र लाल टोपी घालून पार्किंग लॉटमध्ये शेगडीवर सॉसेज भाजत उभे असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डब्यातलं कूगर गोल्ड चीज कापून द्यायचे. हे चीज युनिव्हर्सिटीच्याच क्रीमरीत बनतं आणि पत्र्याच्या डब्यात मिळतं. नोव्हेंबरात स्टेडियमचे बाक इतके गार पडतात की खाली पुठ्ठा घेऊन बसावं लागतं. स्टेडियम जेमतेम तेहतीस हजारांचं, जुन्या पॅक-12 मधलं सगळ्यात लहान.

ही पॅक-12 म्हणजे आमची कॉन्फरन्स. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, पंच-वेळापत्रक एकत्र ठरवायचं आणि टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे, असं ठरवलेल्या युनिव्हर्सिट्यांचा गट. 1915 साली सुरू झाली, वाझू 1917 पासून त्यात. नावं बदलत गेली, आठाच्या दहा झाल्या, 2011 मध्ये दहाच्या बारा, पण सगळ्या पश्चिमेच्या. लॉस एंजेलिसवाले आले की गर्दी व्हायची, ॲरिझोनावाले थंडीने काकडायचे. कोण कुणाशी कधी खेळणार, याचा विचारच कधी करावा लागला नाही.

30 जून 2022 ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी जाहीर केलं की 2024 पासून आम्ही बिग टेनमध्ये. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो स्टेट वगैरे मध्यपश्चिमेतल्या बड्या मंडळींची कॉन्फरन्स. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. आमचे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ मात्र वर्षभर नव्या टीव्ही कराराच्या मागेच. शेवटी हाती आली ॲपलची स्ट्रीमिंगची ऑफर: हमखास रक्कम बेताची, बाकी किती लोक वर्गणी भरतील त्यावर. 2023 च्या जुलैअखेर कॉलोराडो बिग 12 या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे गेली. 4 ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ जणांच्या सह्या होतील अशी आशा होती. दिवस मावळायच्या आत ओरेगन आणि यू-डब बिग टेनला, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग 12 ला. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे बर्कली) चक्क ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरून ॲटलांटिक किनारा कुठून दिसतो, ते त्यांनाच ठाऊक. मागे उरल्या दोन: ओरेगन स्टेट आणि वाझू.

त्या ऑगस्टात सासरे आमच्याकडे आले होते. टीव्हीवर सारखी तीच बातमी. त्यांनी विचारलं, "हे दोघे हरले म्हणून काढले का?"

"नाही हो बाबा. ओरेगन स्टेटने तर मागच्या सीझनला दहा सामने जिंकले."

"मग पैशाचा काही घोळ?"

"तसंही नाही. गावं लहान आहेत. टीव्ही बघणारी घरं कमी पडतात."

बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेलेली. जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे कामात कसूर नाही. पदच रद्द केलं."

यापेक्षा नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. युरोपातल्या लीगसारखं इथे हरलात की खाली आणि जिंकलात की वर असं काही नाही. वाझूचा मोठा किरमिजी झेंडा 2003 पासून ईएसपीएन चॅनेलच्या 'कॉलेज गेमडे' या शनिवारच्या फुटबॉल कार्यक्रमाच्या प्रत्येक भागात, देशात कुठेही असो, गर्दीत फडकत असतो. आमचे लोक तो हातोहात पोचवतात. ऑरव्हिल व्होगेल यांनी इथल्या शेतात वाढवलेल्या बुटक्या गव्हाचं बियाणं मेक्सिकोत बोरलॉग यांच्याकडे गेलं आणि पुढे हरितक्रांती झाली. या सगळ्याची टीव्हीच्या बाजारात किंमत शून्य. (गव्हाची नसणारच, कबूल. पण झेंड्याची तरी?)

याचं मूळ 1984 मध्ये आहे. तोवर कुठला सामना टीव्हीवर दिसायचा, हे सगळ्या कॉलेजांच्या वतीने एनसीएए ही कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिट्यांनी कोर्टात धाव घेतली आणि सुप्रीम कोर्टाने एनसीएएची मक्तेदारी मोडली. त्यानंतर ज्याचा प्रेक्षक त्याचा पैसा. चाळीस वर्षांनी ओक्लाहोमा टेक्ससला सोबत घेऊन एसईसी या दक्षिणेतल्या बड्या कॉन्फरन्समध्ये गेली, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं. आमच्या पॅक-12 ने आपल्या हातानेही माती खाल्ली. 2012 मध्ये स्वतःच्या मालकीची टीव्ही चॅनेल काढली, ती डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्हीवर शेवटपर्यंत आली नाहीत, आणि ऑफिस कुठे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन मध्यवस्तीत.

सगळं मोडल्यावर जुन्या गड्यांचा शेवटचा सीझन काय रंगला! 2023 ला यू-डब एकही सामना न हरता थेट राष्ट्रीय फायनलपर्यंत गेली. 25 नोव्हेंबरला त्यांच्याच मैदानावर ॲपल कप झाला. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, तो जांभळ्यात, मी लाल जॅकेटात. 21-21 अशी बरोबरी, जेमतेम मिनिटभर उरलेलं, यू-डबचा चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा आणि बॉल त्यांच्याच 29 यार्डांच्या रेषेवर. अशा वेळी कुठलाही शहाणा कोच पंट करतो, म्हणजे लाथेने बॉल लांब भिरकावून देतो. त्यांनी बॉल रोम ओडुन्झेच्या हाती दिला, तो वळसा घालून बाजूने सुटला आणि वीसेक यार्ड घेऊन गेला. नवरा उडाला, मी डोक्यावर हात मारला. शेवटच्या क्षणी फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून, तीन गुण), 24-21. बाहेर पडताना पुढच्या वर्षी ॲपल कप कधी असेल याची चर्चा लोक करत होते. तशी चर्चा मी आधी कधी ऐकलेली नव्हती.

त्याच महिन्यात एक गोष्ट आमच्या बाजूने झाली होती. सिएटलहून पुलमनला जाताना व्हॅन्टेजला कोलंबिया नदी ओलांडायची, मग 26 नंबरचा हायवे धरायचा. तासन्‌तास गहू आणि आभाळ, आणि शेवटी कोलफॅक्स. हे व्हिटमन काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथल्या कोर्टात प्रश्न होता: जे दहा जण जायला निघालेत त्यांनी कॉन्फरन्सच्या पैशाबद्दल मत द्यायचं की नाही? 14 नोव्हेंबरला न्यायाधीश गॅरी लिबी यांनी बोर्डाचा ताबा राहणाऱ्या दोघांना दिला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबरात त्यात हात घालायला नकार दिला. देशातल्या बड्या युनिव्हर्सिट्यांचे वकील गव्हाच्या गावात येऊन हात हलवत परत गेले, याचा आनंद मी लपवणार नाही.

पण पैसे जपून वापरायचे तरी किती दिवस? पूर्वी वाझूला कॉन्फरन्सकडून वर्षाला तीन कोटी डॉलरहून जास्त मिळायचे. तो नळ बंद झाला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य खेळाडू, कॅम वॉर्ड मायामी युनिव्हर्सिटीला गेला आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, पहिला निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर वर्षभरात ओक्लाहोमाला. कोच जेक डिकर्टही 2024 च्या डिसेंबरात वेक फॉरेस्टला. या कुणाचा मला राग नाही. 2021 पासून खेळाडूंना नाव-छबीचे पैसे घेता येतात, ट्रान्सफरही सोपी झाली. इतकी वर्षं फुकट राबलेल्या पोरांनी चार पैसे मिळवले तर कुणाच्या पोटात का दुखावं?

मला लागलं ते ॲथलेटिक्सचं. 2025 च्या जूनमध्ये वाझूने उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले, स्प्रिंट-हर्डल्सना कात्री लावली. आता भर फक्त लांब पल्ल्यावर. केनियाचा हेन्री रोनो 1978 मध्ये वाझूचा विद्यार्थी असताना 81 दिवसांत चार जागतिक विक्रम करून गेला, त्या कार्यक्रमाची ही गत. त्याच जूनमध्ये फेडरल कोर्टाने कॉलेज खेळाडूंच्या पैशाबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना 2.8 अब्ज डॉलर, आणि पुढे प्रत्येक युनिव्हर्सिटीला खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट देता येतील. देता येतील, म्हणजे ज्यांच्याकडे आहेत ते देणार. बाकीचे थाळीफेक बंद करणार.

आणि नवी पॅक-12? एनसीएएच्या नियमाने कॉन्फरन्सला आठ फुटबॉल टीम लागतात आणि आमच्याकडे 2026 च्या उन्हाळ्यापर्यंत मुदत होती. 2024 च्या सप्टेंबरात बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कॉलोराडो स्टेट आणि मागोमाग यूटा स्टेट आल्या. पाचही माउंटन वेस्ट या शेजारच्या लहान कॉन्फरन्समधून उचललेल्या. नंतर गोंझागा (फुटबॉल नाही, पण बास्केटबॉल असं की बस), आणि 2025 च्या जूनअखेर टेक्सस स्टेट, झाले आठ. आता गंमत बघा. दोघेच उरल्यावर 2024 चे सामने मिळावेत म्हणून आम्ही याच माउंटन वेस्टशी करार केला होता आणि त्यात कलम होतं की टीम पळवल्या तर दंड. पाच टीमचा दंड साडेपाच कोटी डॉलर. मग पॅक-12 ने काय केलं? तो दंडच बेकायदेशीर आहे म्हणून कोर्टात गेली.

नवरा ही बातमी वाचून काही बोलला नाही, फोन नुसता माझ्यासमोर सरकवला. मी वाझूची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमचं काही म्हणणं असलंच तर एवढंच, की बुडणाऱ्याने फळी धरली. पण फळीवर आधीपासून कुणीतरी होतं.

गेलेले तरी सुखात आहेत का? यू-डब आणि ओरेगन सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास वाट्यावर बिग टेनमध्ये शिरल्या. स्टॅनफर्ड आणि कॅलनी सात वर्षं टीव्हीच्या पैशातला सुमारे तीस टक्केच घ्यायचं मान्य केलं. आता सिएटलची व्हॉलीबॉल टीम न्यू जर्सीला, रटगर्सशी खेळायला जाते, तीन टाइम झोन ओलांडून, आणि परत येऊन वर्गात बसते. फ्लोरिडा स्टेटने 2023 मध्ये एकही सामना न हरता प्लेऑफमधून, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीतून, बाहेर राहिल्यावर स्वतःच्याच कॉन्फरन्सवर खटला भरला, पाठोपाठ क्लेम्सनने. तडजोड झाली, पण त्यात एसीसी सोडायचा दंड 2030-31 पर्यंत साडेसात कोटींवर उतरतो. बिग टेनचा टीव्ही करार 2030 ला संपतो, बिग 12 चा त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे पुढची पळापळ कधी, ते सगळ्यांनी कॅलेंडरात लिहून ठेवलंय. तेव्हा अठरांच्या बिग टेनमधल्या खालच्या चार-पाच जणांनाच कुणी म्हटलं की तुमची घरं कमी पडतात, तर? परड्यू, रटगर्स, नॉर्थवेस्टर्न. मी त्यांच्या जागी असते तर आत्तापासून वकील बघून ठेवला असता.

ॲपल कप उरलाय, 2028 पर्यंतचा करार आहे. आता तो सप्टेंबरमध्ये होतो, शाळा-कॉलेजं धड सुरू व्हायच्या आत. 2024 ला सिएटलमध्ये आम्ही त्यांना शेवटच्या मिनिटाला गोललाइनवर अडवून 24-19 ने जिंकलो. 2025 ला पुलमनमध्ये त्यांनी 59 केले, आम्ही 24. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

माझं म्हणणं मी नवऱ्याला सांगून थकले: फुटबॉल वेगळा काढा. टीव्हीला हवा तो खेळ टीव्ही नेईल तिकडे जाऊ दे. पण व्हॉलीबॉल, सॉकर, बेसबॉल, ॲथलेटिक्स यांना त्या करारांमागे फरफटत कशाला न्यायचं? त्यांना परत शेजाऱ्यांशी खेळू द्या, बसने जाता येईल अशा गावांशी. ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम 2025 मध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हती, जमेल तिथे सामने जमवत खेळली आणि ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली.

नवरा म्हणतो, "व्हॉलीबॉलचे पैसे फुटबॉलमधूनच येतात. वेगळा काढलास तर भरणार कोण?"

मी म्हटलं, रटगर्सची विमानाची तिकिटं वाचली की निम्मा खर्च तिथेच सुटेल. तो म्हणाला, निम्मा नाही सुटणार. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि आम्ही सिएटल ते न्यू जर्सीतल्या नेवार्कचं विमानभाडं बघत बसलो.