मिरबात: खरीफ उतरला की

आपला ‘खरीप’ आणि धोफारचा ‘खरीफ’ हा मुळात एकच अरबी शब्द. आपल्याकडे तो पेरणीला चिकटला, ओमानच्या दक्षिण टोकाला पावसाळ्याचंच नाव झाला. २१ जून ते २१ सप्टेंबर हा तिथला ठरलेला काळ. आपल्यावर कोसळतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तिथल्या डोंगराला अडतो, पण मुसळधार पडत नाही. ढग डोंगरावर बसून राहतात आणि तीन महिने बारीक भुरभुर चालते. किनारी डोंगर हिरवेगार, त्यांच्या पाठीमागे लगेच वाळवंट.

या दिवसांत अर्धं आखात सलालाला, धोफारच्या मुख्य शहराला, लोटतं, धबधब्यांवर गाड्यांची रांग लागते. पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवरच्या मिरबातला मात्र बहुतेक जण जेवणापुरते थांबतात. निवांत हवेत गाव बघायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पण या गावाचा इतिहास कळायला हवा असेल तर जुलैत या. समुद्र आणि ढग इथे काय करू शकतात ते हिवाळ्यात दिसत नाही.

सलालातून भाड्याची गाडी घ्यावी, बसच्या भरवशावर राहू नये. सकाळी लवकर निघून ताका गाव ओलांडलं की उजवीकडे खोर रोरीचा फाटा येतो. तिथलं सुमहुरम हे इसवी सनापूर्वीचं, आजच्या येमेनमधल्या हद्रमौत राज्याचं लोबानाचं बंदर, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत. त्याला दीड तास द्या. खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध साचलेला दिसेल. बंदर मरण्याची अशी कारणं आपल्या दाभोळ-चौलकडच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाहीत. मग मिरबातपर्यंत सरळ रस्ता. उंट रस्त्यावर येतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत, वेग कमी करणं एवढंच हातात असतं.

गावात शिरण्याआधी पश्चिमेला कबरस्तानात दोन पांढऱ्या घुमटांची दर्गा दिसते. हे मुहम्मद बिन अली, ‘साहिब मिरबात’. हद्रमौतच्या तरीमहून आले आणि बाराव्या शतकात, हिजरी ५५६ मध्ये, इथेच वारले. चपला बाहेर, डोकं झाकलेलं, आत फोटो विचारून. सभोवतीच्या कबरींवरचे कोरीव दगड सावकाश बघा. बा अलवी सय्यदांचं जवळपास सगळं घराणं यांच्यापासून चालत आलं, आणि त्याच्या फांद्या मलबारपर्यंत पोचल्या. त्यातलेच सय्यद फज्ल. इंग्रजांनी १८५२ मध्ये त्यांना मलबारमधून हद्दपार केलं आणि १८७० च्या दशकात ते चक्क धोफारचे सत्ताधीश झाले. १८७९ मध्ये इथल्या टोळ्यांनी त्यांना हुसकलं, त्यानंतर मस्कतचा अंमल आला. ज्या मातीत मूळ पुरुष पुरला तिथेच सातशे वर्षांनी वंशजाने राज्य करावं आणि चार वर्षांत गाशा गुंडाळावा, याचा गावात एकही फलक नाही.

त्याआधीची भांडणंही बंदरावरूनच. मंजवी घराण्याच्या काळात मिरबात ही धोफारची राजधानी होती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हबूदींनी सत्ता घेतली आणि कारभार पश्चिमेला जफारला, म्हणजे आजच्या सलालातल्या अल बलीदला नेला. मिरबात मागे पडलं ते तेव्हाच. ‘मिरबात’ म्हणजे बांधून ठेवायची जागा, घोडे बांधायची, असा अर्थ सांगतात. या किनाऱ्यावरून हिंदुस्थानात घोडे जात हे अरब प्रवासी इब्न बतूतानेही नोंदवलंय. एकोणिसाव्या शतकात मुहम्मद बिन अकील नावाचा, समुद्रावर लूटमार करून मोठा झालेला सय्यद या भागाचा धनी झाला. १८२९ मध्ये त्याचा खून झाला.

जुन्या गावातून पायीच फिरा, गल्ल्या गाडीच्या नाहीत. दगडी दुमजली घरं, चुन्याचा गिलावा, वरच्या मजल्यावर लाकडी जाळीच्या खिडक्या. झडपा उघडल्या की वारा आत येतो, बाहेरच्याला आतलं माणूस दिसत नाही. बरीच घरं पडायला आलीत. किनाऱ्यावरच्या घरांचं दुखणं सगळीकडे सारखंच: खारा दमट वारा गिलावा फोडतो, छताची लाकडं कुजतात, आणि माणूस राहत नसेल तर एक कोपरा बसला की उरलेलं घर पाठोपाठ येतं. आत शिरू नका, मजले पोकळ आहेत.

आता १९७२ ची मिरबातची लढाई, आणि आधी तिची पार्श्वभूमी. सुलतान सईद बिन तैमूर १९३२ पासून गादीवर होता. त्याच्या राज्यात शाळा तीन आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. कामासाठी आखातात गेलेली धोफारी पोरं तिथलं जग बघून परत आली, आणि १९६५ पासून डोंगरात सशस्त्र बंड उभं राहिलं. १९६७ मध्ये शेजारचं दक्षिण येमेन स्वतंत्र झालं तशी सीमेपलीकडून शस्त्रं यायला लागली, बंडाचा रंग लाल झाला. डोंगर जवळजवळ सगळा हातचा गेला, सरकारकडे उरली ती किनाऱ्याची पट्टी. २३ जुलै १९७० ला काबूसने इंग्रजांच्या मदतीने बापाला उतरवलं. मग विहिरी, दवाखाने, शाळा आणि शरण येणाऱ्यांना माफी. शरण आलेल्यांच्याच ‘फिरका’ नावाच्या तुकड्या सरकारच्या बाजूने लढायला लागल्या. बंडखोरांना याचीच जास्त धास्ती होती. एक तरी गाव उघड उघड घेऊन दाखवणं त्यांना भाग होतं.

किल्ल्यापाशी उभं राहा आणि उत्तरेकडे बघा. हजारेक मीटरवर जबल अली नावाची टेकडी आहे, गाव तिच्या नजरेखाली. दुसऱ्या बाजूला समुद्र. जुलैत लाटा एवढ्या उसळतात की लहान होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. कोकणात जून-जुलैत मासेमारी बंद असते तसंच. म्हणजे समुद्राकडून मदत नाही आणि पळायला वाट नाही. वर ढग इतके खाली की विमानाला गाव दिसू नये. हल्ल्याला जुलै निवडला तो यासाठी.

गावात होते एसएएस या ब्रिटिश विशेष दलाचे नऊ जवान, प्रमुख २३ वर्षांचा कॅप्टन माइक कीली. त्यांची तिथली मुदत हल्ल्याच्याच दिवशी संपत होती. वलीच्या, म्हणजे सुलतानाच्या स्थानिक कारभाऱ्याच्या, किल्ल्यात जुन्या रायफली घेतलेले तीसेक अस्करी (पहारेकरी), गावाच्या ईशान्य कडेच्या किल्ल्यात पंचवीसेक जेंडार्म (निमलष्करी शिपाई). या दुसऱ्या किल्ल्याशेजारच्या खड्ड्यात दुसऱ्या महायुद्धातली एक पंचवीस पौंडी तोफ. फिरक्यातले बरेचसे लोक आदल्या दिवशी खोट्या हालचाली दाखवून डोंगराकडे ओढून नेले होते. डाव नीट रचलेला होता.

१९ जुलैच्या पहाटे अडीचशे ते तीनशे बंडखोर उतरले. पहिली पायरी म्हणजे जबल अलीवरची आठ जेंडार्मची चौकी आवाज न करता संपवायची. तीच फसली. तिथे गोळ्या झडल्या, गाव जागं झालं, आणि पुढची मोकळी जमीन अंधाराऐवजी उजाडताना ओलांडावी लागली. गावाभोवतीच्या काटेरी तारेपाशी माणसं अडकली आणि उभीच्या उभी मशीनगनच्या टप्प्यात आली.

तोफेपाशी फिजीचा सार्जंट तलायासी लबलबा एकटा पोचला. या तोफेला खरं तर सहा माणसं लागतात: एक नेम धरणारा, एक भरणारा, बाकीचे गोळे आणणारे आणि तोफ फिरवणारे. गोळा ११ किलोच्या वर. मारा बारा किलोमीटरचा, पण इथे शत्रू काही शे मीटरवर. त्यामुळे गणित बाजूला ठेवून नळीतून सरळ नेम. हनुवटीला गोळी लागल्यावरही तो भरत आणि डागत राहिला. त्याचाच देशबंधू सेकोनाया ताकावेसी अर्धा-पाऊण किलोमीटर गोळ्यांतून धावत मदतीला आला, तोही घायाळ झाला. शेवटी लबलबा तिथेच मेला. मागून कीलीबरोबर आलेला टॉमी टोबिन जखमी झाला आणि पुढे त्याच जखमांनी गेला. तिकडे एसएएसच्या मुक्कामाच्या घराजवळ ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफेची वेगळीच अडचण. शत्रू तिच्या किमान टप्प्याच्याही आत आला होता. नळी उभी केल्याशिवाय गोळा जवळ पडत नाही आणि दोन पायांचा टेकू तेवढी उभी होऊ देत नाही. म्हणून एकाने नळी टेकूवरून काढून छातीशी कवटाळली आणि दुसऱ्याने वरून गोळे सोडले.

जखमींना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर गोळीबारामुळे मागे फिरलं. मग ओमानी हवाई दलाची स्ट्राइकमास्टर विमानं ढगांच्या खालून, समुद्राला जवळपास घासत आली. बंडखोरांनी धरलेलं गृहीतक इथे मोडलं. आणि योगायोग असा की बदलीवर आलेली दुसरी एसएएस तुकडी आदल्याच दिवशी सलालात उतरली होती. तिच्यातले २३ जण हेलिकॉप्टरने पूर्वेच्या किनाऱ्यावर आले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मागे ३८ प्रेतं राहिली, एकूण मेलेले त्याहून बरेच जास्त असावेत असा अंदाज.

इंग्लंडने ही लढाई बरीच वर्षं फारशी बोलून दाखवली नाही. आता ती तिथे दंतकथेसारखी सांगतात. लबलबाचा पुतळा हेरफर्डला आहे, फिजीत नादी विमानतळावर आहे. गंमत वाटावी की वाईट, कळत नाही: धोफारमधून वाचलेला कीली १९७९ मध्ये वेल्सच्या डोंगरात सरावादरम्यान थंडीने गेला. मला खटकतं ते दुसरंच. या युद्धात बंडखोर धोफारी आणि समोरच्या फिरक्यांतले लोकही धोफारीच, अनेकदा एकाच टोळीतले. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं, माफीनंतर ही माणसं शेजारी-शेजारी राहिली. त्यामुळे चहाच्या टपरीवर ‘तुमचा आजोबा कुठल्या बाजूला होता?’ हा प्रश्न विचारू नये. तुम्हाला सहज सुचेल, म्हणून सांगतो.

किल्ल्याच्या उघडण्याच्या वेळा बदलत्या असतात. बंद मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, समजून घ्यायचं ते बाहेरूनच दिसतं. ड्रोन परवान्याशिवाय उडवू नका.

दुपारी बंदरावर जा. हिवाळ्यात आलात तर वाळूवर तारली वाळत घातलेली दिसेल. ती माणसांपेक्षा गुरांच्या आणि उंटांच्या पोटात जास्त जाते, सातशे वर्षांपूर्वी इब्न बतूताला दिसलं तसंच. ‘सुफैलेह’ हा इथला महागडा शिंपला, ओमानमध्ये धोफारच्याच किनाऱ्याला मिळतो. त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि पाणबुडे हवेची टाकी न लावता, दम धरूनच बुडतात. खरीफमध्ये यातलं काही नसतं. पाण्यात पायसुद्धा घालू नका, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते.

लोबान घ्यायचा तर एक लक्षात ठेवा. आपल्या बाजारात लोबान म्हणून मिळतो तो बहुधा सुमात्राकडच्या झाडाचा, वेगळाच डिंक. इथला लुबान बोसवेलियाचा. झाडाची साल खरवडतात, पहिला चीक टाकून देतात, दोनेक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडतात. पुढच्या खेपांचा माल चांगला. हिरवट झाक असलेले, आरपार दिसणारे खडे ‘होजरी’ म्हणून सर्वांत महाग. तपकिरी चुरा स्वस्त, निखाऱ्यावर टाकायला तोही चालतो.

परतताना वेळ असेल तर तवी अतैरच्या रस्त्याला लागा. मिरबातवरच्या डोंगरात, वादी हिन्नात, गोरखचिंचेची झाडं आहेत. कोकणातल्या जुन्या बंदरांजवळ दिसते तीच, कवेत न मावणारी. याच रस्त्यावर एका उतारावर बंद गाडी चढाला लागल्यासारखी वाटते. लोक थांबून व्हिडिओ काढतात, तो नजरेचा खेळ आहे. खरा धोका त्याच्या पुढे: घाटात धुकं एकदम दाटतं आणि समोरची गाडी दहा मीटरवरही दिसत नाही. दिवे खाली ठेवा, प्रखर झोत लावला की धुक्याची पांढरी भिंत होते. आणि हे सगळं पाचच्या आत उरका.