वर्म्स: पुस्तक देऊ नका, तलवारही उपसू नका

माइन्झहून ऱ्हाईन नदीच्या बाजूने लोकलने जर्मनीतल्या वर्म्सला पोचलो आणि थेट हाइल्सहोफच्या बागेत गेलो. कॅथेड्रलला लागूनच आहे. पूर्वी इथे बिशपचा वाडा होता. १५२१च्या एप्रिलमध्ये याच जागी ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर एकवीस वर्षांच्या सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर उभा राहिला. टेबलावर त्याच्या पुस्तकांची चळत आणि प्रश्न दोनच: ही तुझीच ना? यातलं लिखाण मागे घेतोस का? त्याने विचाराला एक दिवस मागून घेतला आणि १८ एप्रिलला ठाम नकार दिला. तिथे आता कांस्याचे भलेमोठे बूट बसवलेत. पाय घालून उभं राहता येतं, मीही राहिलो.

लोक इथे सदसद्विवेकाची जागा म्हणून फोटो काढतात. मला मात्र त्यानंतरची वर्षं जास्त मोलाची वाटतात. सत्ता देवानेच नेमलेली, तिच्या अधीन राहा, असं बायबलमध्ये पौल 'रोमकरांस पत्रा'च्या १३व्या अध्यायात सांगतो. त्याच बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये पेत्र म्हणतो, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. सॅक्सनीच्या ड्यूक जॉर्जने ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेल्या 'नव्या करारा'च्या (बायबलचा दुसरा भाग) प्रती जमा करायचा हुकूम काढला, तेव्हा ऐकायचं कोणाचं? १५२३मध्ये ल्यूथरने उत्तर लिहिलं: राजाचा हक्क शरीरावर आणि मालमत्तेवर, आत्म्यावर नाही. एक पानही नेऊन देऊ नका. पण घराची झडती घेऊन जबरदस्तीने नेलं, तर सोसा. कायदा मानणारा, पण मन सरकारजमा न करणारा आजचा नागरिक मला या दोन वाक्यांत दिसतो.

थोडं चालल्यावर १८६८चं ल्यूथर स्मारक लागतं. पुतळ्यांच्या त्या मेळ्यात दोन राजे तलवारी घेऊन उभे आहेत. त्यातला एक फिलिप, हेसे या जर्मन प्रांताचा शासक. त्याच्यासमोर मी बराच वेळ थांबलो. १५२५मध्ये शेतकऱ्यांनी बायबलचाच आधार घेऊन भूदासपणातून सुटका मागितली. ल्यूथरने राजांना लिहिलं, बंडखोरांना कापून काढा. १५ मेला फ्रँकेनहाऊझेनवर चालून गेलेल्यांत हा फिलिप होता. हजारो शेतकरी मेले. स्मारकात त्यांच्यातला एकही नाही, आणि हे मला फार लागलं.

आज्ञापालनाचा तो अर्धाच धडा जर्मनीत पुढे चारशे वर्षं गिरवला गेला. मे १९३४मध्ये, हिटलरच्या राज्यात, बार्मेनला जमलेल्या प्रॉटेस्टंटांनी उरलेला अर्धा पुन्हा मांडला: न्याय आणि शांतता राखणं हे राज्याचं देवदत्त काम, पण माणसाच्या सगळ्या आयुष्याची एकमेव व्यवस्था आपणच, हा राज्याचा दावा अमान्य. बार्मेन हा वुपर्टाल शहराचाच भाग; पुढचा मुक्काम तिथेच.