सात रिमोट, पोच एकाचीही नाही

मागच्या उन्हाळ्यात मिरज स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात घरून फोन आला.

"अहो, टीव्ही निळा झालाय."

"हातात कुठला रिमोट आहे?"

"काळा."

"सगळे काळेच आहेत गं. लाल बटण मधोमध आहे की कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात. दाबलं मी ते. आता निळंसुद्धा गेलं."

मी 1986 साली टेलिफोन खात्यात लागलो. 2000 मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं आणि 31 जानेवारी 2020 ला व्हीआरएस घेऊन घरी बसलो. फोनवरून तक्रार ऐकायची आणि दोष कुठे आहे ते बसल्या जागी सांगायचं, हीच आयुष्यभराची रोजीरोटी. तरी त्या दिवशी घाम फुटला. कारण आधी टीव्ही चालू होता आणि सेट-टॉप बॉक्स बंद. हिने दोन्ही रिमोटची लाल बटणं एकेकदा दाबली, त्यामुळे आता बॉक्स चालू आणि टीव्ही बंद. पुन्हा दोन्ही दाबली असती तर पुन्हा निळं. असा पाठशिवणीचा खेळ रिक्षा दारात येईपर्यंत चालू राहिला आणि तिची मालिका बुडाली ती बुडालीच.

रात्री जेवण झाल्यावर सगळे रिमोट टेबलावर मांडले. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, मुलाने दिवाळीला आणलेली, टीव्हीत खोचून इंटरनेटवरचं बघायची स्टिक, ए.सी. आणि दोन पंखे. सात. टीव्हीच्या रिमोटवर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, आकडे दिसेनासे झालेत तरी काढायचं नाही. बॉक्सच्या रिमोटचं मागचं झाकण हरवलंय, तिथे दुधाच्या पिशवीचं रबर. साउंडबारच्या रिमोटमध्ये सेलच नव्हते, ते भिंतीवरच्या घड्याळात गेले होते. आणि पंख्यांचे रिमोट जुळे, पाठीवर हिने नेलपॉलिशचा ठिपका लावला म्हणून ओळखू येतात.

"सगळ्यांना मिळून एकच करता येत नाही का?" ही म्हणाली. करता येतं की, मी म्हणालो. आठ महिने लागतील असं त्या वेळी वाटलं नव्हतं.

पहिला उपाय स्वस्तातला. बाजारात दीडशे रुपयांना मिळतो तो युनिव्हर्सल रिमोट. सेट बटण दाबून धरायचं, दिवा लागला की सोडायचं, मग टीव्हीकडे रोखून चॅनलचं बटण एकेकदा दाबत राहायचं. दर वेळी तो पोटातला पुढचा कोड सोडतो. टीव्ही बंद झाला की थांबायचं, कोड सापडला. भाजीवाल्याकडे चव बघत आंबा निवडावा तसा प्रकार, पण चालतो. आमचा टीव्ही साठाव्या की सत्तराव्या दाबाला गप्प झाला. पुढे बॉक्सपण जमला. ए.सी. काही केल्या जमेना.

ए.सी. का जमत नाही हे शोधायला बसलो आणि तिथून माझं डोकं फिरलं म्हणा. पुण्याला मुलाकडे गेलो होतो तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून टीएसओपी 1738 नावाचा, रिमोटचा निरोप पकडणारा तीन पायांचा रिसीव्हर आणि एक ईएसपी 8266 चा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा संगणकच, आणला. रिमोट त्या रिसीव्हरसमोर धरून दाबला की काय निरोप गेला ते लॅपटॉपवर दिसतं.

रिमोटच्या तोंडाशी जो बिनरंगी दिवा असतो त्याचा उजेड साधारण 940 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर जांभळट लुकलुक दिसते. रिमोट उजेड सोडतोय की नाही हे ठरवायची ही सर्वात सोपी परीक्षा. तळहातावर आपटायच्या आधी ही करावी. तो उजेड सेकंदाला 38,000 वेळा चालूबंद होतो. ऊन, बल्ब, देवापुढचं निरांजन, सगळ्यांतच इन्फ्रारेड असतो. त्या गर्दीत आपलं माणूस ओळखू यावं म्हणून ही थरथर. रिसीव्हर फक्त 38 हजारच्या थरथरीला दाद देतो.

आमच्या बॉक्सचा निरोप एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीचा निघाला. सुरुवातीला 9 मिलिसेकंद उजेड, साडेचार मिलिसेकंद अंधार. ही हाक. मग 32 बिट. दोन उजेडांमधली फट छोटी असेल तर शून्य, मोठी असेल तर एक. त्या 32 बिटांत आधी पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून, मग हुकूम, मग तोच हुकूम उलटा करून. म्हणजे लिहिण्यात चूक झाली तर वाचणाऱ्याला कळावं. जुन्या तारखात्यातल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. पण खरी गंमत पुढे आहे. वाचणाऱ्याला निरोप नीट मिळाला की नाही, हे तो पाठवणाऱ्याला सांगतच नाही! रिमोटमध्ये ऐकायला कान नाहीत.

आमच्या एक्स्चेंजमध्ये हे कधी खपलं नसतं. तुम्ही रिसीव्हर उचलला की लाइनचं वर्तुळ पुरं व्हायचं, एक्स्चेंजला ते कळायचं आणि ते डायल टोन द्यायचं. डायल टोन म्हणजे दुसरं काय, "ऐकतोय, बोला". समोरच्याने उचललं की तिकडून त्याचीही खूण यायची, तिथून मीटर पडायचं. पावलोपावली पोच. आणि इथे घरोघरी एवढी यंत्रं, सगळा कारभार साध्या पोस्टकार्डावर. रजिस्टर ए.डी. कुणीच करत नाही.

त्यात लाल बटणाचा हुकूम "चालू हो" असा नसतोच. "आहेस त्याच्या उलट हो" असा असतो. समोर बसलेल्या माणसाला टीव्ही दिसतो, म्हणून बिघडत नाही. पण एकाच बटणावर तीन यंत्रं हाकायची म्हटलं की सगळं अडतं ते इथेच.

ए.सी.चं मात्र वेगळं. त्याच्या रिमोटवर 25 हे आकडे दिसतात ते ए.सी.ने सांगितलेले नसतात, ते रिमोटने स्वतःच धरून ठेवलेले असतात. तुम्ही नुसतं एक अंश वाढवा, तो दर वेळी सगळी हकीकत नव्याने पाठवतो: चालू, कूलिंग, 26, पंखा मध्यम, पाती हलती. आमच्या ए.सी.चा एकेक निरोप 112 बिटांचा भरला. दीडशे रुपयांच्या टीव्हीवाल्या रिमोटला तो जमत नाही त्याचं कारण हे, ए.सी.चे युनिव्हर्सल रिमोट वेगळे मिळतात, पडदा असलेले. हिशेब ठेवायला जागा लागते ना. पण शिस्त पाहा. "उलट हो" नाही, "असा हो". निरोप दोनदा गेला तरी नुकसान शून्य. सातांत सगळ्यात शहाणा तोच निघाला.

मुलाने दुसरा उपाय सुचवला. वाय-फायवर चालणारा गोल डबा आणला, चकलीच्या साच्याएवढा. तो सगळ्या रिमोटचे कोड शिकतो आणि मोबाइलवरून सोडतो. जोडताना अर्धा दिवस गेला कारण त्याला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं आणि फोन दुसऱ्यावर बसला होता. मग "मालिका" नावाचं एक बटण केलं: टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू. मुलगा पुण्याला गेला. तिसऱ्या दिवशी हिने सवयीने टीव्ही आधीच लावला होता आणि मग मोबाइलवर "मालिका" दाबलं. बॉक्स लागला, साउंडबार लागला, टीव्ही बंद. ही माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

एकाच रिमोटचं वेड काही माझं एकट्याचं नाही. अ‍ॅपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक, त्यानेही स्वतःची वेगळी कंपनी काढून 1987 मध्ये कोअर नावाचा असा शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. त्याच्याही आधी, 1956 मध्ये, झेनिथ कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलरने केलेल्या रिमोटमध्ये तर सेलच नव्हते. बटण दाबलं की आत छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर पडायची आणि कानाला ऐकू न येणारा सूर निघायचा, टीव्ही तो ओळखायचा. चार कांड्या, चार सूर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मोठं झालेल्या माणसाला हे वाचून आपल्याच घरचं काहीतरी वाचल्यासारखं झालं.

मग मी ठरवलं, पोच आपणच वसूल करायची.

टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक असतं. मल्टिमीटर लावून बघितलं. टीव्ही चालू असताना 5 व्होल्ट, बंद केला की थोड्या वेळात शून्य. (सगळ्या टीव्हींत असं नसतं, काहींत बंद असतानाही वीज राहते. आधी मीटर लावावं.) तिथून एक वायर काढली, दहा के आणि वीस केचे (के म्हणजे हजार ओहम) दोन रेझिस्टर घालून 5 चे 3.3 व्होल्ट केले, कारण ईएसपीला त्याहून जास्त सोसत नाही, आणि बोर्डाला जोडली. झाली पोच! आता हा बोर्ड घालून मी केलेला डबा आधी विचारतो, टीव्ही चालू आहे का? असेल तर गप्प बसतो. नसेल तर कोड सोडतो, आठ सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो. तरी नसेल तर पुन्हा सोडतो.

बॉक्सला यूएसबीची युक्ती चालेना, त्याची वीज कायम असते. पण त्याला पुढे दोन दिवे आहेत, चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. हिरव्या दिव्यावर एक एलडीआर बसवला. उजेड पडला की त्याचा अडथळा कमी होतो, एवढंच त्याचं काम. बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून वर काळी टेप.

"हे काय चिकटवलंय? नवीन वस्तूला फोड आल्यासारखं दिसतंय."

"डोळा आहे तो."

"मग झाकलाय कशाला?"

यावर उत्तर होतं, पण दिलं नाही.

टीव्हीला एचडीएमआय एकवर, म्हणजे बॉक्सची तार खोचलीय त्या जागेवर, आणायचं काम मात्र सहज झालं. रिमोटवर नुसतं सोर्स बटण आहे, यादी उघडते, खाली-वर करावं लागतं. पण टीव्हीच्या पोटात थेट एचडीएमआय एकचा कोड होता, ज्याला रिमोटवर बटणच दिलेलं नाही. लोकांनी अशा लपलेल्या कोडांच्या याद्या करून ठेवल्यात, त्यातून सापडला.

स्टिक मात्र हाती लागली नाही. तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, उजेडावर नाही. तिच्याकडे उलट एक चांगला गुण आहे. तिचं घराचं चित्र असलेलं बटण दाबलं की टीव्ही आपोआप लागतो आणि तिच्यावर येतो. एचडीएमआयच्या 19 पिनांपैकी 13 नंबरची पिन याच बोलण्यासाठी ठेवलेली असते, त्याला सीईसी म्हणतात. आणि त्यात दर आठ बिटांमागे ऐकणाऱ्याने पोच द्यायची पद्धत आहे! हे वाचलं त्या दिवशी मी हिला चहा करून दिला. आमचा सेट-टॉप बॉक्स त्या तारेवर तोंड उघडत नाही, हा भाग वेगळा. नाहीतर एलडीआर आणि काळी टेप लागलीच नसती.

पंख्यांनी सगळ्यात छळलं. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, त्यामुळे कोडही एकच. मधलं दार उघडं असेल तर हॉलचा पंखा कमी केला की आतला पण कमी होतो, कारण उजेड भिंतीवर आपटूनही जातो. आतल्या पंख्याचं नाव मी सोडून दिलं. हॉलच्या पंख्यासाठी डब्याचा दिवा काळ्या पाइपच्या तुकड्यात बसवून थेट वर रोखला.

तर आता फळीवर एक लाकडी डबा आहे, चार मोठी बटणं: मालिका, पंखा, ए.सी., सगळं बंद. चार्जरवर चालतो, सेलची भानगड नाही. आवाज कमी-जास्त करायला ही अजून टीव्हीचा प्लॅस्टिकवाला रिमोटच घेते. तिला तो हातात लागतो. सातांपैकी दोन बाहेर, पाच मिठाईच्या डब्यात. माळ्यावर टाकू देत नाही. "तुमचं ते बंद पडलं की?"

पंख्याला पोच कुठून मिळवायची हे मात्र मला सुचत नव्हतं. तो फिरतोय हे कळायला काय लावणार, छताला? हे जेवताना बोललो तर ही म्हणाली, "टुक म्हणतो की तो. ए.सी.पण म्हणतो. मी कधी बघत नाही रिमोटकडे, टुक ऐकते." बरोबर होतं. निरोप मिळाला की ही दोन्ही यंत्रं बारीक आवाज करतात. पोच होती तर, फक्त ती रिमोटला नव्हती, माणसाला होती. मी छोटा माइक लावायचं बोललो. तिने ताट उचललं.

परवा पुन्हा स्टेशनवर होतो, फोन आला. "अहो, पंखा टुक म्हणाला नाही. तीनदा दाबलं."

या वेळी दोष जागेवर बसून ओळखला.

"सकाळी फळी पुसलीस का?"

"पुसली."

"डबा परत ठेवताना पाइप कुठल्या दिशेला केलास?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग फोनमधून, लांबून, टुक.